स्लीव्ह ऑटीच्या डोंगरात काढलेला माग

माझ्या वडिलांना मी खोटं सांगून शिकारीला नेलं. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण त्यापुढचं सगळं इतकं वेगळं घडलं की त्या भरात माझी लबाडी विसरली जाण्याची शक्यता आहे.

बाबा चौतीस वर्षं वनखात्यात होते. वनरक्षक म्हणून लागले आणि वनपाल होऊन निवृत्त झाले. सगळी नोकरी चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडच्या आसपासच्या जंगलात. लाकूडतोडे, वणवे, वाघाने मारलेल्या गाईंचे पंचनामे आणि चोरून शिकार करणारे, यांत त्यांचं आयुष्य गेलं. यंदा ते पहिल्यांदाच माझ्याकडे आयर्लंडमध्ये गॉलवेला आले, तेही एकटेच. आईला थंडी सोसत नाही म्हणून ती नागपूरला दादाकडे राहिली. बाबा आले ते नोव्हेंबरात. इथला नोव्हेंबर म्हणजे सकाळी आठला उजाडतं, दुपारी चारनंतर दिवस गुंडाळायला लागतो आणि मधे भुरभुर पाऊस. पहिले चार दिवस त्यांनी समुद्राकाठी फेऱ्या मारल्या. पाचव्या दिवसापासून खिडकीत उभे राहून शेजाऱ्यांच्या कुंपणातले पक्षी पाहू लागले.

"तुमच्या इथं जंगल नाही का बाई?" एका संध्याकाळी त्यांनी विचारलं. "गवत लई हाय. पण जंगल कुठंच दिसत नाही."

हे मी दुसऱ्या दिवशी कारखान्यात जेवणाच्या टेबलावर सांगितलं. आमच्याकडे हृदयात घालायच्या नळ्या बनतात. मी क्वालिटीत आहे आणि पॉरिक मेन्टेनन्समध्ये. पन्नाशीचा, हाडापेरानं मोठा, कमी बोलणारा माणूस. बंद पडलेल्या मशिनसमोर तो आधी पाच मिनिटं नुसता उभा राहतो आणि मग बरोबर एकच स्क्रू पिळतो. तो म्हणाला, "शनिवारी मी डोंगरात हरणांवर जाणार आहे. त्यांना घेऊन ये. रात्री माझ्या आईकडे राहू."

'हरणांवर' म्हणजे काय, ते मला नीट कळलं होतं. घरी मात्र मी एवढंच सांगितलं, "बाबा, शनिवारी जंगल बघायला जायचंय. हरणं आहेत म्हणे." बाबांनी लगेच खाकी स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला.

शनिवार, नोराताईंचं घर

गॉलवेहून तासाभरात आपण स्लीव्ह ऑटीच्या पायथ्याशी येतो. 'डोंगर' म्हणायचे, पण चढ असा अंगावर येत नाही. लांबच लांब पसरलेले उतार आणि त्यांवर पिवळं पडलेलं, पावसाने एका बाजूला निजलेलं गवत. मधे काळीभोर दलदल. माथ्याकडे लागवडीच्या स्प्रूसची, म्हणजे सूचिपर्णी झाडांची, गर्द हिरवी रांग, पट्टी लावून आखल्यासारखी. पाऊस थांबला होता आणि ढगांखालून तिरपं ऊन आलं, तेव्हा तो सगळा उतार तांब्याच्या परातीसारखा झळाळून गेला. बाबांनी गाडीची काच खाली केली आणि कितीतरी वेळ थंड वारा तोंडावर घेत बसले.

पॉरिकची आई नोरा पंच्याहत्तरीच्या. दार उघडताच टर्फचा वास आला. टर्फ म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती. ती चुलीत जळते, तिचा वास लाकडाचा नाही आणि गोवरीचाही नाही. बाबांनी एक तुकडा हातात घेऊन तोडून पाहिला. "माती जाळतेत बाप्पा हे लोक," ते कौतुकाने म्हणाले.

नोराताईंनी (हे नाव बाबांनीच दिलं) टेबलावर तपकिरी ब्रेड, बोटभर जाड लोणी आणि भाज्यांचं सूप मांडलं. "युअर मॅनला आणखी चहा देऊ का?" त्यांनी मला विचारलं. बाबांना इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, ते चपापले. इथे 'युअर मॅन' म्हणजे नुसतं 'हे गृहस्थ', हे मी समजावलं, तेव्हा ते हसले आणि कप पुढे केला.

तेवढ्यात पॉरिक आतल्या खोलीतून रायफल घेऊन आला.

बाबांचा कप अर्ध्यात थांबला. त्यांनी रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. तसा त्यांनी तो कधीच चढवलेला नाही.

"तू मले सांगितलं नाहीस."

"बाबा, सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"नसतोच आलो."

नोराताई आणि पॉरिक आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. काय झालं ते मी पॉरिकला सांगितलं: माझे वडील चौतीस वर्षं शिकाऱ्यांना पकडत होते, आमच्याकडे हरीण मारणं गुन्हा आहे आणि मी त्यांना फसवून आणलं आहे. सांगताना माझे कान तापले. पॉरिक रागावेल किंवा हसेल असं मला वाटलं होतं. त्याने रायफल भिंतीशी उभी केली, बोल्ट काढून खिशात टाकला आणि म्हणाला, "मग त्यांनी ठरवावं. ते नको म्हणाले तर आज जायचं नाही."

मी ते बाबांना सांगितलं. बाबांनी चष्मा काढून पुसला, डोळ्यांवर चढवला आणि हात पुढे केला.

"त्याले म्हणावं, लायसन दाखव."

पॉरिकचा चेहरा खुलला. त्याने प्रेसमधून, म्हणजे आपल्या भाषेत कपाटातून, एक फाइल काढली. बंदुकीचा परवाना, हरणांच्या शिकारीचा या हंगामाचा परवाना आणि ज्याच्या जमिनीवर जायचं त्या शेतकऱ्याची लेखी संमती. बाबांनी एकेक कागद उजेडाकडे धरून वाचला. तारखा पाहिल्या. संमतीपत्रावरच्या हद्दी नकाशाशी ताडून पाहिल्या. मग प्रश्न सुरू झाले आणि मी मधे दुभाषी. माद्या कधी मारता येतात? नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पाडसं सुटी झाल्यावर. रात्री? नाही, सूर्यास्तानंतर एक तासापर्यंतच. आणि मारायचंच कशाला?

पॉरिक आम्हाला खिडकीशी घेऊन गेला. समोरच्या उतारावर शेतकऱ्याने ओक आणि बर्चची रोपं लावली होती. निम्म्यांचे शेंडे खाऊन टाकलेले. "लांडगे होते तेव्हा ते बघून घ्यायचे," तो म्हणाला. "ते आम्हीच संपवले. आता हरणांना खाणारं कुणी उरलं नाही."

बाबा त्या खुरटलेल्या रोपांकडे पाहत राहिले. झाडं लावून जगवण्यातही त्यांची बरीच वर्षं गेली होती.

"म्हणजे इथं वाघाचं काम ह्याले करा लागते," ते शेवटी म्हणाले. "चला. पाहू कसं करते थो."

डोंगरावर

दीड वाजता आम्ही निघालो. पॉरिक पुढे, मग बाबा, शेवटी मी. पॉरिकने चिमूटभर पावडर हवेत सोडून वारा पाहिला. बाबांनी तोवर एक गवताची काडी सोडून पाहिली होती, आणि दोघांनी एकाच दिशेला हात केला. त्यानंतर माझ्या दुभाषीपणाची गरज कमी कमी होत गेली. पॉरिक मूठ वर करायचा, बाबा थांबायचे. बाबा जमिनीकडे बोट दाखवायचे, पॉरिक वाकून खुराचा ठसा पाहायचा आणि मान डोलवायचा. अडुसष्ट वर्षांचे माझे वडील, ज्यांना मी घरी जिन्याचा कठडा धरायला सांगते, दलदलीतल्या गवताच्या चुंबळींवर नेमका पाय देत चालले होते. मी मात्र गुडघ्यापर्यंत रुतले. पाय बाहेर आला, बूट आतच राहिला. तो पॉरिकने कोपरापर्यंत हात घालून शोधला, आतलं काळं पाणी ओतून टाकलं आणि "ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत 'ठीक आहे', असं म्हणून मला परत दिला. बाबांचे खांदे हसण्याने हलत होते.

तीनच्या सुमाराला एका उंचवट्यावर आम्ही पालथे पडलो. खालच्या कुरणात फॅलो जातीची आठ-दहा हरणं चरत होती. बाबांनी दुर्बीण लावली आणि त्यांचा श्वास अडकल्याचं मला ऐकू आलं.

"चितळ," ते पुटपुटले. "बाई, हे तं आपल्या चितळाचे भाऊ होत."

खरंच होते. थंडीत अंग करडं झालेलं, पण एकदोघींच्या पाठीवर पांढरे ठिपके शाबूत. चरता चरता कान तसेच फिरवायच्या, शेपटी तशीच उडवायच्या. बाबांनी दुर्बीण खाली ठेवली नाही. पॉरिकने कडेची एक मादी निवडली आणि वाट पाहिली. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. ती आडवी उभी राहिली. आवाज झाला, आणि नेमकं त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं होतं.

तिची पाठ कमानीसारखी वर आली. मग ती कळपाबरोबर स्प्रूसच्या गर्दीत शिरली.

"पोटात लागली," बाबा म्हणाले.

मी भाषांतर करायच्या आधीच पॉरिक बोलला. त्याचा चेहरा मातीसारखा झाला होता. "गोळी छातीच्या मागे लागली. माझी चूक. मी घाई केली."

ती हलली, वारा होता, उजेड कमी होता, यातलं काहीही म्हणता आलं असतं. त्याने म्हटलं नाही. मी ते बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पॉरिककडे पहिल्यांदाच रोखून पाहिलं. "बंदूकवाला कधी म्हणत नाही असं," ते म्हणाले. "माह्यासमोर तं कोणीच म्हटलं नाही."

जखमी जनावराच्या मागे लगेच धावायचं नसतं, नाहीतर ते मरेस्तोवर पळत राहतं. म्हणून अर्धा तास आम्ही तिथेच बसलो. पॉरिकने थर्मासचा चहा ओतला, त्यातला निम्मा सांडला. पाऊस पुन्हा सुरू झाला. उठलो तेव्हा सूर्य मावळायला पाऊण तास होता, आणि त्यानंतर कायद्याचा एक तास.

गोळी लागली त्या जागी पोटाचे फिकट केस पडले होते आणि थोडंसं हिरवट-तपकिरी रक्त. कळपाची वाट सरळ झाडांत गेलेली, चिखल तुडवलेला. पॉरिक त्या वाटेने निघाला, आम्ही मागून. वीस मिनिटं चाललो. रक्ताचा एक थेंब नाही. बाबा थांबले.

"इकडं नाही ती."

"कळपाबरोबर गेली, मी पाहिलं," पॉरिक म्हणाला.

"झाडात शिरली कळपाबरोबर. मंग सोडला तिनं कळप. पोटात लागलेलं जनावर चढत नाही, पाण्याकडं उतरते. त्याले म्हणावं, मांगं फिरू."

मी ते सांगितलं. मागे फिरणं म्हणजे उरलेल्या उजेडातली आणखी वीस मिनिटं घालवणं. हा डोंगर पॉरिकच्या लहानपणापासूनचा, बाबांचा एका दुपारचा. पॉरिक बाबांकडे पाहत उभा राहिला, मशिनसमोर राहतो तसाच. मग बाजूला झाला आणि त्यांना पुढे जायची खूण केली.

मागे येऊन बाबा शेवटच्या रक्तापाशी गुडघ्यांवर बसले. ओल्या जमिनीवर तळवे टेकून, मान तिरकी करून ते गवताकडे कडेने पाहत होते. त्यांना असं मी कधीच पाहिलं नव्हतं. माझ्या लहानपणी ते घरी यायचे ते थकून, झोपायला. त्यांचं काम म्हणजे काय होतं ते मी त्या दिवशी, छत्तिसाव्या वर्षी, पावसात उभी राहून पाहिलं. पंचवीस-तीस पावलं आत एका जागी त्यांनी बोट ठेवलं. सगळ्या गवतावर पावसाचे थेंब होते, आणि त्यातून हातभर रुंदीची एक पट्टी मात्र विस्कटलेली, खाली उतरत गेलेली. पुढे एक ठसा, खूर फाकलेला. मग नेच्याचं एक मोडलेलं पान आणि त्याच्या खालच्या अंगाला, पाऊस पोचला नव्हता तिथे, डाळीएवढं रक्त.

पॉरिकने त्या पानाशेजारी नारिंगी फीत बांधली आणि बाबांच्या मागे चालू लागला.

ओढ्याशी माग संपला. पलीकडे नुसते दगड आणि काटेरी झुडपं. सूर्य कधीच मावळला होता. पॉरिकने घड्याळ पाहिलं, कायद्याची तेहतीस मिनिटं उरली होती. "नाही सापडली तर पहाटे पुन्हा येऊ," तो म्हणाला. "पण रात्रभर ती..." पुढचं त्याने गिळलं.

बाबांनी सगळ्यांना बसायला सांगितलं. बसलो. ओढ्याचा आवाज आणि पाऊस. चार मिनिटं झाली असतील, पाच झाली असतील. मग बाबांनी मान वळवली. खालच्या अंगाला होली नावाच्या काटेरी पानांच्या झुडपात एक इवलासा पक्षी सारखा कटकट करत होता, रागावल्यासारखा.

"हे पाखरू कोणतं हाय?"

"रेन," पॉरिक कुजबुजला. "ते कुणावरही ओरडतं."

"खाली कोणी बसलं असंन तं ओरडते," बाबा म्हणाले. "नाव काही का असंना त्याचं."

ती होलीखालीच होती. पाय पोटाखाली घेऊन बसलेली, मान ताठ, श्वासाची वाफ निघत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, उठायचा प्रयत्न केला आणि उठू शकली नाही. पॉरिक बाबांच्या खांद्याला हात लावून त्यांच्या पुढे गेला. या वेळी त्याने घाई केली नाही.

नंतर दोघं तिच्या दोन बाजूंना गुडघे टेकून बसले. बाबांनी तिच्या मानेवर तळवा ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. पॉरिकने टोपी काढली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मला तिथे आपण नसतो तर बरं झालं असतं असंही वाटलं, आणि जगातली दुसरी कुठलीही जागा नको असंही वाटलं.

पुन्हा नोराताईंकडे

जेवणात मेंढीचं स्ट्यू होतं. बाबांनी दोनदा घेतलं. हरणाचं मांस नाही खाणार, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं होतं आणि पॉरिकने "बरोबर आहे," एवढंच म्हटलं होतं. जेवणानंतर तो बाबांच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"त्यांना विचार, हे कुणी शिकवलं?"

मी तोंड उघडलं, पण बाबांनी मला हाताने थांबवलं. दिवसभर माझ्यामार्फत बोललेल्या बाबांनी स्वतःच इंग्रजी सुरू केलं. "वन मॅन. शिकारी," ते म्हणाले. "आय कॅच हिम."

तोडक्या इंग्रजीत, अडलं तिथे हात हलवत, त्यांनी सांगितलं ते असं. नोकरीचं दुसरं वर्ष. शेजारच्या गावच्या सोमाजी नावाच्या माणसाला त्यांनी भरमार, म्हणजे ठासणीच्या, बंदुकीसह पकडलं. त्याने चितळ मादी मारायचा प्रयत्न केला होता, ती जखमी होऊन पळाली होती. सोमाजी पाया पडला. सोडा म्हणून नाही. म्हणाला, ती पोटात लागली आहे, मला आधी तिला शोधून मोकळी करू द्या, मग बेड्या घाला. बाबा तेव्हा चोवीस वर्षांचे होते. त्यांना वाटलं हा पळून जायचा डाव आहे. ते त्याला घेऊन थेट ठाण्यावर गेले. मादी तिसऱ्या दिवशी सापडली. मरून काहीच तास झाले होते.

"टू डेज," बाबा म्हणाले आणि दोन बोटं वर करून तशीच धरून ठेवली. "आय डिडन्ट नो हाऊ टु फाइंड."

नोराताईंनी उठून त्यांच्या कपात चहा ओतला.

रविवार, परतीच्या वाटेवर

सकाळी पॉरिकने मोडक्या फाटकापर्यंत चालत येऊन बाबांचा हात दोन्ही हातांत धरला. गाडी मुख्य रस्त्याला लागेपर्यंत मी कळ काढली.

"बाबा, सोमाजी म्हणजे आपले सोमाजीकाका? माझ्या लग्नात तुम्ही ज्यांच्या पानात स्वतः वाढत होता ते?"

"थोच."

"तुम्ही त्यांना तुरुंगात घातलंत?"

"दीड वर्ष." बाहेर दगडी कुंपणांमागे मेंढ्या चरत होत्या. बाबा त्या पाहत होते. "सुटला तं घरी नाही गेला. थेट माह्या क्वार्टरच्या दारात येऊन उभा राह्यला. मी मनात म्हटलं, मारते आता हा मले."

"मग?"

"म्हणाला, मले धरलं त्याचं काही नाही, थे तुमचं कामच होतं. पण ती दोन दिवस तडफडली. चला जंगलात, तुमाले माग काढाले शिकवतो."